गाडीत पाणी टाकत जाजो

आपल्या गॅरेजवाल्यांच्या संघटनेच्या अंकाला प्रवासाचं काहीतरी लिहून द्या, असं सेक्रेटरी म्हणाले तेव्हा मी हात जोडले होते. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. माझा प्रवास म्हणजे गिऱ्हाईकाची गाडी ट्रायलला कोल्हापुरातच रंकाळ्यापर्यंत नेऊन परत आणणं. पण एप्रिलात मी वर्ध्याला जाऊन आलो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आपल्यातले बरेच जण तिकडे गेलेले नसतील. आणि ज्या कामासाठी मी गेलो ते काम आज ना उद्या आपल्या सगळ्यांच्या गॅरेजच्या दारात येणार आहे. म्हणून लिहितो. शुद्धलेखन माझ्या मुलीनं बघितलं आहे.

आमच्या गॅरेजच्या अण्णांना तुम्ही ओळखता. माझे वडील गेल्यावर त्यांनी माझ्या हातात पान्हा दिला, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. आता अण्णांचे हात थरथरतात, कारभार त्यांचा मुलगा, म्हणजे धाकटे मालक बघतात. धाकट्या मालकांनी ठरवलं आहे की गॅरेजचा पुढचा अर्धा भाग बॅटरीच्या गाड्यांसाठी करायचा. त्या भागात कोण काम करणार, हा प्रश्न निघाला तेव्हा ते म्हणाले, आयटीआय झालेली माणसं घेऊ. अण्णा म्हणाले, महादेवला एकदा बघ. महादेव म्हणजे मी, शेजारीच उभा होतो. मी मान खाली घालून कार्बोरेटर पुसत राहिलो.

खरं सांगायचं तर तेव्हापासून माझी झोप गेली होती. मी इंजिन कानानं ओळखतो. टॅपेट वाजतंय का पिस्टन, हे मी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवरून सांगतो. ज्या गाडीला आवाजच नाही, तिच्यापुढं माझा कान काय कामाचा?

त्यातून ही वर्ध्याची गोष्ट निघाली. अण्णांची मुलगी वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकलला होती. पाच वर्षं ती झाडे सर आणि काकूंकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहिली. एकदा तिला डेंग्यू झाला तेव्हा अण्णा पोहोचेपर्यंत काकू तिच्या उशाशी बसून होत्या. अण्णा ते विसरलेले नाहीत. या झाडे सरांकडे एक जुनी विजेची गाडी बंद पडून होती. बॅटऱ्यांचा नवा संच त्यांनी नागपूरहून आणून ठेवला होता आणि भरवशाचा माणूस पाठवा म्हणून अण्णांना फोन केला होता.

धाकटे मालक लहानपणापासून मला मामा म्हणतात. ते म्हणाले, "मामा, जाऊन या. त्या गाडीत दोनदा नवीन बॅटऱ्या घातल्या आणि दोन्ही वेळा एका उन्हाळ्यात मेल्या. का मेल्या ते शोधून आलात, तर पुढचा भाग तुमचा. नाही सापडलं, तर मग आपलं जुनं काम आहेच."

जुनं काम किती दिवस आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सावंगी, पहिला दिवस

वर्ध्याला उतरलो तेव्हा दुपार होती. कोल्हापूरचं ऊन अंगावर पडतं, तिकडचं ऊन खालून वर येतं. स्टेशनाबाहेर सगळ्यांनी डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. मी एकटाच उघड्या डोक्यानं उभा, म्हणून झाडे सरांनी मला लांबूनच ओळखलं.

सर निवृत्त झालेले आहेत. वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. उंच, किडकिडीत, खिशाला अजून दोन पेनं. सावंगीला त्यांचं दोन मजली घर आहे. आजूबाजूला मेडिकलच्या पोरापोरींच्या खोल्या, झेरॉक्सची दुकानं, डबेवाल्या बायका. घराच्या बाजूला पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये ती गाडी. दोन दरवाज्यांची, ठेंगणी, फिकट निळी. शेजारची पोरं तिला डबा म्हणतात. सरांसमोर नाही म्हणत.

काकूंनी आधी जेवायला वाढलं. त्या मला म्हणाल्या, "भाऊ, भाजीत सांबार जास्त झाला काय?"

भाजी वांग्याची होती. मी ताटात सांबार शोधला, इडलीबरोबर असतो तो. म्हटलं, "सांबार न्हाई आला मला, पण भाजी लई चांगली झालीया."

काकू सरांकडे बघायला लागल्या. सर हसत म्हणाले, "अवो, सांबार म्हंजे कोथिंबीर. त्यायच्याकडे सांबार म्हंजे मद्राशी वरण." त्यानंतर पाचही दिवस काकू प्रत्येक जेवणात, "भाऊ, तुमची कोथिंबीर," असं म्हणून सांबार वाढायच्या.

संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकल्या. खिडकीत कूलर चालू होता. तिकडे कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच. सकाळी आणि संध्याकाळी त्याला पाणी पाजावं लागतं. ते काकूंचं काम. मी सरांना विचारलं की ही असली गाडी निघाली कधी. तुम्ही नव्या गाडीबद्दल विचारता तसं विचारलं. त्यांनी पेन खिशातून काढलं, म्हणजे आता तास सुरू झाला.

"महादेवभाऊ, विजेची गाडी नवी नाई. पेट्रोलच्या गाडीची ती बरोबरीची हाये, थोडी मोठीच. सव्वाशे वर्षांपहिले अमेरिकेत, लंडनमध्ये बॅटरीवरच्या टॅक्स्या होत्या. डॉक्टर लोक, बड्या घरच्या बाया ह्याच गाड्या घेत. आवाज नाई, धूर नाई, बटन दाबलं का चालली."

"मग बंद का पडल्या?"

"पेट्रोलची गाडी तवा कशी सुरू करत होते?"

"हँडल मारून," मी म्हटलं. हे मला येत होतं. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका जुन्या जीपचं हँडल उलटं फिरलं होतं आणि अण्णांचं मनगट सुजलं होतं.

"हां. त्या हँडलच्या भेवानंच लोकं विजेची गाडी घेत होते. मंग कोणीतरी सेल्फ स्टार्टर काढला. हँडल गेलं. पेट्रोलही सस्तं झालं, रस्ते लांबचे झाले. विजेची गाडी राह्यली मागं."

मी किती स्टार्टर उघडले असतील त्याची गणती नाही. आर्मेचर, ब्रश, सोलेनॉइड, डोळे झाकून सांगीन. स्टार्टर म्हणजे आत एक विजेची मोटरच असते. म्हणजे विजेच्या मोटरनंच विजेच्या गाडीला घरी बसवलं. मी हे बोललो तेव्हा सरांनी पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे मी वर्गात कधी असं सांगतलं नाई. चांगलं बोलले तुम्ही." मला इतकं बरं वाटलं की मी उगीच उठून पाणी प्यायलो.

पुढचं सर म्हणाले ते थोडक्यात लिहितो. मधली पुष्कळ वर्षं विजेची गाडी कुठं कारखान्यात सामान ओढायला, कुठं इंग्लंडात घरोघर दूध वाटायला, अशी कोपऱ्यात जगली. शिशाच्या बॅटऱ्या जड आणि ताकद कमी. मग आपल्या मोबाईलमधली हलकी बॅटरी आली, ती मोठी होत होत गाडीत गेली, आणि दुसरा जन्म झाला. सरांची गाडी या दोन जन्मांच्या मधली. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपल्याच देशात अशा छोट्या गाड्या निघाल्या होत्या. त्यातली एक सरांनी नागपूरच्या माणसाकडून घेतली. पुढच्या सीटखाली सहा सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, शिशाच्या, आपल्या ट्रकसारख्या.

"पहिला संच चांगला चालला," सर म्हणाले. "त्याच्यानंतर दोन गेले. चार्जर खराब देला कंपनीनं. अकरा वर्षांपासून मी हेच सांगून राह्यलो. तीस तरी पत्रं लिहिले. कंपनी बंद झाली, तरी लिहिले."

आतून काकूंचा आवाज आला. "पत्राचं पुराण नंतर लावा. भाऊले झोपू द्या."

सावंगी, दुसरा दिवस

सकाळी नाक्यावर तर्री पोहा खाल्ला. पोह्यावर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. आपल्या मिसळीच्या कटाचा तो भाऊ म्हणायला हरकत नाही, पण पोह्यावर रस्सा बघून मी आधी दचकलोच. पोहेवाला म्हणाला, "खाऊन पाहा न भाऊ, मरत नाई कोणी." नाही मेलो, दुसरी प्लेट घेतली.

मग कामाला लागलो. जुन्या बॅटऱ्या शेडच्या मागं रचून ठेवल्या होत्या. एकीचं झाकण काढून आत बघितलं. प्लेटांवर पांढरट राखाडी थर होता. मी मनात म्हटलं, जुनी झाली, उन्हात पडली, असंच होणार. आणि झाकण लावलं. इथं माझी चूक झाली, ती लिहून ठेवतो. उत्तर पहिल्याच सकाळी माझ्या हातात होतं आणि मी त्याला झाकण लावलं.

नव्या आठ बॅटऱ्या बसवल्या, वायरी जोडल्या, चार्जर लावला. मीटर धरून तासभर बसलो. चार्जर चढत चढत बरोबर जागी जाऊन थांबला. त्याचं काहीही बिघडलेलं नव्हतं.

सर मागं उभे होते. "चार्जरच ना?"

ज्या माणसानं तीस पत्रं लिहिली आहेत, त्याला आठवीतून शाळा सोडलेल्या माणसानं काय सांगावं? मी म्हटलं, "बघूया सर. अजून एकदा बघतो."

चार्जर चांगला आहे, तर मग बॅटऱ्या मारल्या कोणी? हे मला सापडलं नाही तर या आठही पुढच्या पावसाळ्यापर्यंत जातील, आणि सगळे म्हणतील, कोल्हापूरचा मेकॅनिक येऊन गेला होता.

पवनार, तिसरा दिवस

सकाळी लवकर सर आणि मी ट्रायलला पवनारला गेलो. पहिल्यांदा असली गाडी चालवली. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली. सर म्हणाले, "चालू हाये. जाऊ द्या." आवाज म्हणजे फक्त चाकांचा आणि मोटरची बारीक शीळ. गावातून जाताना एक म्हातारे गृहस्थ मधून चालत होते, त्यांना आम्ही मागं आलो आहोत हे कळलंच नाही. हॉर्न वाजवला तर रागानं म्हणाले, "चोरासारखे येता काऊन बे?"

पवनारला धाम नदी खडकांवरून वाहते. उन्हाळ्यात पाणी थोडं, पण स्वच्छ. वरती विनोबांचा आश्रम आहे. तिथं मोठ्यानं कोणी बोलत नाही, झाडलोट करणाऱ्या एक बाई आमच्याकडे बघून नुसत्या हसल्या. मी नदीकाठच्या दगडावर बसलो आणि वाटलं, आपण घरापासून किती लांब आलो. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, सापडलं का? म्हटलं, न्हाई. ती म्हणाली, जेवण तरी नीट करताय न्हवं?

परत येताना वर्ध्यात सरांनी गोरसपाक घेऊन दिला. तुपातला, खुसखुशीत, बिस्किटासारखा दिसणारा पण बिस्किट नव्हे. डबा घरी न्यायचा होता, पण अर्धा मी सावंगीलाच संपवला, टेन्शनमध्ये मला खायला लागतं.

दुपारी सर बँकेत गेले. मी वर जरा पडलो होतो. पाच वाजता खाली आलो. काकू पाइपनं कूलर भरत होत्या. कूलर भरला, मग त्यांनी त्याच पाइपनं एक स्टीलचा तांब्या भरला आणि शेडकडे गेल्या. मला वाटलं, तुळशीला घालायला निघाल्या.

शेडमध्ये त्यांनी गाडीचं दार उघडलं, सीट वर केली, पदरातून एक रुपयाचं नाणं काढलं, ते बॅटरीच्या बुचाच्या खाचेत घालून बूच फिरवलं, आणि तांब्यातलं पाणी आत सोडलं. इतक्या सराईतपणे, की आपल्याकडच्या एखाद्या मिस्त्रीला जमणार नाही.

मी पायऱ्यांवरून ओरडलो नाही, पण धावत शेडमध्ये गेलो. "काकू, थांबा. थांबा जरा."

"काऊन? काय झालं?"

"किती बॅटऱ्यांत घातलं?"

"ही पहिलीच हाये. नव्या हायेत न, भरलेल्याच दिसून राह्यल्या. थोडं थोडंच घेतलं त्यायनं."

त्या एका बॅटरीच्या तिन्ही घरांची बुचं उघडी होती. इथं आपल्या माणसांना सांगतो, बॅटरीत वरून घातलेलं पाणी लगेच ॲसिडमध्ये मिसळत नाही. हलकं असतं, वर तरंगतं. चार्जिंग चालू झालं की मग मिसळतं. आणि चार्जर तेव्हा बंद होता. मी ॲसिड मोजायच्या हायड्रोमीटरच्या रबरी फुग्यानं वरचं पाणी अलगद ओढून काढलं. तिन्ही घरांतलं.

काकू शेजारी उभ्या. त्यांनी फक्त बघितलं. सगळं झाल्यावर विचारलं, "ह्या पाण्यानं काय होते?"

मी त्यांना कूलरपाशी नेलं. कूलरच्या जाळीवर, गवतावर पांढरी खरपुडी चढली होती. बोअरचं जड, क्षाराचं पाणी. म्हटलं, "हे बघा. हेच आत प्लेटांवर बसतंय. बॅटरीला वाफेचं, म्हणजे डिस्टिल्ड पाणी लागतंय, बाजारात कॅन मिळतो ते."

काकू त्या खरपुडीवर नख घासत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मागचे दोन संच मी मारले."

मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलंच न्हाई, काकू."

"यायचं डोयाचं ऑपरेशन झालं होतं. वाकाचं नाई म्हणलं डॉक्टरनं. तवा हे म्हणले, गाडीत पाणी टाकत जाजो. कॅन होती, ते सरली. मंग मी दर शनिवारी कूलर भरते तवाच टाकत होती. एक शनिवार चुकवला नाई मी." त्यांनी नख पदराला पुसलं. "भाऊ, तुम्ही नका सांगू. मी सांगते."

मी हो म्हटलं. आणि लगेच, जसं काही त्यांना वास लागला होता, धाकट्या मालकांचा फोन आला.

"मामा, सापडलं का?"

सापडलं होतं. सांगितलं असतं तर त्याच क्षणी माझं काम झालं असतं. पण रात्री अण्णा सरांना फोन करणार, आणि सरांना ते कोल्हापूरहून कळणार. काकू तिथंच दाराशी होत्या, ऐकत नसल्यासारखं करून.

म्हटलं, "परवा सांगतो."

"परवा म्हणजे? चार्जर आहे का नाही तेवढं सांगा."

"परवा सांगतो, मालक."

त्यांनी फोन ठेवला, तो आवाज मला आवडला नाही.

आंजी, पाचवा दिवस

चौथा दिवस नुसता चार्जिंग आणि तपासणीत गेला. काकू काही बोलल्या नाहीत. सर मात्र खुशीत, गाडीचा पत्रा पुसत होते. ते म्हणाले, उद्या आंजीला जाऊ, प्रशांतला दाखवू. प्रशांत त्यांचा जुना विद्यार्थी. आंजी मोठं गाव आहे, वर्ध्यापासून पंधराएक किलोमीटरवर. तिथं त्याची भाजीची शेती आहे. काकू म्हणाल्या, मीही येते. मला वाटलं, आज त्या सांगणार.

तिघं बसलो, सर चालवायला. नव्या बॅटऱ्या पहिल्या काही दिवसांत पूर्ण ताकद देत नाहीत, हे मी सरांना सांगितलं होतं. पण इतक्या वर्षांनी गाडी हातात आलेली, ते कसले ऐकतात. आंजीच्या अलीकडेच काटा लाल पट्टीत गेला. प्रशांतच्या दारात गाडी पोहोचली ती चालत होती म्हणण्यापेक्षा सरकत होती.

प्रशांत पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा. त्यानं पडवीतला मोठा प्लग काढून दिला. तिथं आधीच एक वायर होती, कारण त्याच्या अंगणात बॅटरीवरची तीनचाकी मालगाडी उभी होती. मागच्या हौद्यात मेथीच्या जुड्या आणि वांग्यांची पोती.

मी त्याला विचारलं, परवडतं का?

"भाऊ, मले गोवा थोडीच जाचं हाये. वर्धेचा बाजार, तिथून घर. पहाटे एक चक्कर, दुपारी एक. रात्री लावली का सकाळी भरते. डिझेलचा टेम्पो होता, त्याच्या मागं अर्धा दिवस गॅरेजात जाये."

तो अर्धा दिवस आपल्यासारख्यांच्या पोटाचा होता, हे मी त्याला बोललो नाही.

"मग हिला काहीच काम निघत न्हाई?" मी म्हटलं.

"निघते न. ब्रेक, टायर, स्प्रिंगचे पाटे. मोटरच्या कंट्रोलरमध्ये पाणी गेलं होतं पावसात, तवा चार दिवस उभी होती. इथं कोणाले समजत नाई, नागपूरहून माणूस आला. एक चांगला माणूस असन न इथं, तर गावात अशा वीस गाड्या येतीन."

मी ते वाक्य मनात धरून ठेवलं. सरांनी सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगितला होता, पण पुढं काय होणार ते मला या मेथीच्या जुड्यांपाशी समजलं. लांब पल्ल्याच्या गाड्या येतील तेव्हा येतील. पंधरा किलोमीटर जाणाऱ्याची सोय आताच झाली आहे.

तेवढ्यात प्रशांतची बायको आतून म्हणाली, "लाईन गेली." मला वाटलं कसली रांग. तिकडे वीज गेली म्हणजे लाईन गेली. चार्जरचा दिवा विझला. प्रशांत म्हणाला, आता दोन तास तरी येत नाही, जेवून घ्या.

ज्वारीची भाकर, मुगवड्यांची भाजी, ठेचा. आपल्या तांबड्या रश्शावर पोसलेल्या माणसालाही त्या ठेच्यानं पाणी पाजलं. जेवण होऊन आम्ही पडवीत बसलो. जायला गाडी नाही, वारा नाही. आणि सरांनी पत्रांचं पुराण लावलं. चार्जर, कंपनी, फसवणूक. प्रशांत मान हलवत होता, त्यानं ते अनेकदा ऐकलेलं असावं.

काकू सुपारी कातरत होत्या. अडकित्ता न थांबवता म्हणाल्या, "चार्जर चांगला हाये. पाणी मी टाकत होती. कूलरचं."

सर थांबले. "कोणतं पाणी?"

"गाडीतलं. तुम्ही म्हणले न, टाकत जाजो."

"डिस्टिल्ड वॉटरची कॅन होती न तिथं?"

"ते सरली. तुम्ही पाणी म्हणले. कोणतं, ते नाई म्हणले."

मग प्रशांतनं घसा साफ केला. "सर, नववीत तुम्हीच शिकवलं होतं. बॅटरीत साधं पाणी टाकाचं नाई. म्या साधं लिहिलं होतं, तर तुम्ही माये दोन मार्क कापले होते."

"हो," सर म्हणाले. त्यांनी अंगणातल्या गाडीकडे बघितलं. "वर्गात सांगतलं. घरी नाई सांगतलं."

"घरी कोणी विचारलं असतं तर सांगतलं असतं न म्या, कोणतं टाकते ते," काकू म्हणाल्या. "नागपूरचे दोन मिस्त्री आले, तेही तुमच्याशीच बोलून गेले."

"अकरा वर्षं कंपनीले शिव्या देल्या मी."

"मंग आता मले द्या."

"तुले कायले देऊ?" सर म्हणाले. "एक शनिवार चुकवला नाई तू." त्यांनी हात पुढं केला आणि काकूंनी त्यावर सुपारी ठेवली.

मग ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्हाले कवा समजलं?"

"परवा."

"सांगतलं काऊन नाई?"

"ते काकूंनी सांगायचं होतं, सर. आणि खरं म्हणजे मी भ्यालो होतो. चार्जर चांगला आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेही नाही बोललो."

"ते बोलाले पाह्यजे होतं," सर म्हणाले. रागानं नाही, वर्गात सांगावं तसं. "ज्याच्या हातात मीटर हाये त्यानं बोलाचं. समोर कोणीही असो."

लाईन चार वाजता आली. गाडी भरेपर्यंत मी शेताच्या बांधावर गेलो आणि धाकट्या मालकांना फोन लावला.

"चार्जर बदलला का, मामा?"

"न्हाई. चार्जर चांगला हाय. पाण्याचा फॉल्ट हाय. बोअरचं पाणी घालत हुते."

"कसं सापडलं? सेल तपासले?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. हायड्रोमीटर, रीडिंग, काहीही. म्हटलं, "न्हाई मालक. सेल बघितला हुता, पण वळखला न्हाई. काकू पाणी घालताना दिसल्या, तवा कळलं."

पलीकडून, "बरं. या," एवढंच. ना होकार, ना नकार. सावंगी ते कोल्हापूर मी त्या एका शब्दाचे किती अर्थ लावले, ते लिहीत बसत नाही.

निघताना काकूंनी भाकरी बांधून दिल्या. शेडमध्ये वाफेच्या पाण्याचा नवा कॅन ठेवला होता. त्यावर सरांनी खडूनं लिहिलं होतं: गाडीचं. ज्या घरात मला कोणी ओळखत नव्हतं तिथं पाच दिवस घरच्यासारखं जेवलो. अण्णांची पोर त्या घरात का रमली ते मला समजलं.

कोल्हापूर

मी पोहोचेपर्यंत सरांनी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी धाकटे मालक म्हणाले, आयटीआय झालेली एक मुलगी घेतली आहे, लॅपटॉप आणि कंट्रोलर ती बघेल. मी हातातला पान्हा पुसायला लागलो. मग ते म्हणाले, "गिऱ्हाईकाशी बोलायला तिच्या शेजारी तुम्ही बसायचं. नागपूरचे दोन मेकॅनिक जे विचारायला विसरले, ते विचारायला." ती मुलगी मला मीटरच्या पलीकडचं शिकवते. मी पाटी घेऊन बसल्यासारखा शिकतो. कधी कधी समजत नाही, तर दुसऱ्यांदा विचारतो.

पहिल्या आठवड्यात शाहूपुरीतल्या एक बाई बॅटरीची स्कूटर घेऊन आल्या. बँकेत नोकरीला. म्हणाल्या, कंपनीनं फसवलं, सहा महिन्यांत बॅटरी निम्म्यावर आली. मुलीनं वायर लावली, लॅपटॉपवर बघायला लागली.

मी त्या बाईंना विचारलं, "ताई, घरी चार्जिंगला कोण लावतं?"

"सासूबाई. मी आले की दमलेली असते. का हो?"

मी म्हटलं, "मग उद्या येताना त्यांना जरा घेऊन या."